उतारावरचा डबा

उमरेडच्या बसचा पत्ता नव्हता. रांगेत ताटकळलेल्या गोपिकाच्या पुढेच पचमढीहून परतलेलं एक म्हातारं जोडपं बॅगांवर टेकून बोलत होतं.

"पोरानं हौसेनं जुन्या रेल्वेच्या डब्यातली खोली बुक केली, अन् तुम्ही रातभर बाहेर."

"डबा उतारावर होता ना वं."

"हॉटेल होतं ते. चालती गाडी थोडीच होती?"

"तीस वर्षं छोट्या लाइनवर गार्ड होतो मी. उतारावर डबा उभा केला का चाकाखाली अडण लागते. तिथं काहीच नव्हतं."

"म्हणून दगडं लावत फिरले?"

"आठही चाकांले लावले."

"मॅनेजर सांगून राहिला होता ना, चाकं वेल्डिंग केले हायेत म्हणून?"

"त्यानं कुठं गाडी चालवली?"

"बरं, लावले. मग घंट्याघंट्याले टॉर्च घेऊन काहून उठत होते?"

"दगड सरकतेत. नोकरीत असताना एकदा सरकला होता."

"हे कधी सांगितलं नाही तुम्ही. मग?"

"मग काय. डबा घसरला. रिकामा होता म्हणून निभावलं."

बस लागली. रांग हलली. म्हाताऱ्यानं दोन्ही बॅगा उचलल्या.

"अन् परवाचा काय भरलेला होता?"

"परवा आत तू घोरून राहिली होती."