बाई बाजारला आल्या न्हाई

ताज्या भाजीचं कौतुक सगळेच करतात, पण मला तर भाजीवालीनंच वाचवलंय. शिरड शहापूरच्या शाळेत नवी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा मी एकटीच राहायचे. आठवडी बाजारात ट्रकनं आलेली भाजी सोडून मी गावातल्याच गंगामावशीच्या मळ्यातली घ्यायचे. एकदा मलेरियानं अशी आडवी झाले, की बाजारही चुकला. संध्याकाळी दारावर धडाधड थापा.

"बाई, काहून आल्या न्हाई बाजारला?"

गंगामावशी! तिनंच डॉक्टर आणला, दोन दिवस पेजही भरवली.

बरी झाल्यावर मी गहिवरून विचारलं, "मावशी, एवढ्या गर्दीत माझीच आठवण कशी झाली?"

"न होऊन कसं चालंल? बाजार उठला तरी कारली तशीच पडून. एवढी कडू कारली तुमच्याबिगर कोण घेऊन राहिलं?"