नानांचा सोमवारचा रिप्ले

माझ्या शेजारच्या नानांएवढा झटपट निर्णय देणारा पंच अख्ख्या रोह्यात झाला नाय, खोटं वाटत असेल तर कोणालाही विचारा. चाळीस वर्षं गावोगावच्या क्रिकेटला उभे राहिले. एकदा बोट वर गेलं की गेलं. खांब गावच्या टीमने एकदा पिचवर बसकण मारली, तरी ते खाली आलं नाय.

त्यांचा मुलगा अमेरिकेत. तिथली रविवार रात्र म्हणजे आपली सोमवार सकाळ. तो टीव्हीसमोर फोन उभा करतो आणि दोघं मिळून तिकडचं फुटबॉल बघतात, ते हातात बॉल घेऊन पळायचं. परवा मीही चहाला जाऊन बसलो. एकाने सूर मारून बॉल पकडला, पण पडताना बॉल हातात जरा हलला. झेल धरायचा की नाय? पंच गेले रिप्ले बघायला. पुढून दाखवला, मागून दाखवला, हळू करून दाखवला. माझा चहा निवला.

"नाना, तुम्ही एव्हाना बोट वर केलं असतंत!"

नानांनी फोनवर तळहात ठेवला. "गप रे. मॅच संपली की हा 'बाबा, सकाळी ऑफिस हाय' म्हणतो नि फोन ठेवतो. भलं होवो त्या पंचांचं, त्यांच्यामुळे पोरगा मला थोडा जास्त मिळतो."

त्यांनी हात काढला. पंच निर्णय द्यायला मैदानात येत होता. मीच फोनमध्ये तोंड घालून ओरडलो, "अरे, एकदा बाजूने पण बघा की!"