गिऱ्हाइकाची वाक्यं

सर : अगं, वर्ग आहे की बाजार? आरडाओरडा माझ्या, विभागप्रमुखाच्या खोलीपर्यंत येत होता!

मॅडम : पण इंग्रजीतून होता ना, सर?

सर : म्हणून तर डोकावलो. एकाही बाकावर मी लिहिलेलं इंग्रजी संभाषणाचं पुस्तक नाही.

मॅडम : आजचा पाठ मुलांनी लिहिलेला. एका गटानं लिहायचा, बाकीच्यांनी करून बघायचा. लाँड्रीतून शर्ट बदलून आला, आता हुज्जत घाला.

सर : आणि मला धरून गिऱ्हाईक केलं!

मॅडम : तुम्हीच म्हणालात, ‘सरका, मी दाखवतो.’

सर : म्हणालो खरं. पण ती दुकानदारीण! ‘शर्ट तुमचाच आहे साहेब, पोट सुटलंय तुमचं.’ माझी बोलतीच बंद.

मॅडम : तोंडी परीक्षेत रडली होती ना एक मुलगी? तीच ही. पाठही तिचाच.

सर : ती? ...उद्या अभ्यास मंडळाची बैठक आहे. माझं पुस्तक ठेवायचं की हे पाठ घ्यायचे, ते मलाच सांगायचंय. तुझं काय म्हणणं?

मॅडम : तुमच्याच हाताखाली शिकले मी. कसं बोलू?

सर : बोल. मी काही खात नाही तुला.

मॅडम : तुमचं पुस्तक मला तोंडपाठ होतं, सर. पण पहिल्या नोकरीत इंग्रजी फोन आला, की मी बाथरूममध्ये जाऊन लपायचे.

सर : कधी बोलली नाहीस.

मॅडम : तुम्हाला वाईट वाटलं असतं.

सर : वाटतंय की. वाटू दे.

विद्यार्थिनी : (दारातून) आत येऊ, सर? मघाशी तुम्ही अडलात, ती चूक माझी. पाठात गिऱ्हाइकाला धड वाक्यंच नाहीत. सगळी दुकानदाराला दिलीत मी.

सर : का गं?

विद्यार्थिनी : आमची लाँड्री आहे. लोक वाट्टेल ते बोलतात, बाबा मुकाट ऐकून घेतात. लिहायला बसले आणि... एकदा तरी बाबांनी जिंकावं असं वाटलं.

सर : ...मग गिऱ्हाइकाची वाक्यं मी लिहू? तुमच्या गटात घ्याल मला?

विद्यार्थिनी : घेऊ की. पण सर, शेवटी दुकानदारच जिंकणार हं.

सर : जिंकू दे बाई!

मॅडम : आणि उद्याची बैठक, सर?

सर : सांगेन, माझं पुस्तक आता पुरे. माझी जुनी विद्यार्थिनी शिकवण्यात माझ्या पुढं गेली. जरा मोठ्यानंच सांगेन.