न हरलेला संघ

पाचोरा स्टेशनच्या या बाकावर मी लहानपणापासून गाडीची वाट पाहत आले आहे. परवा शेजारी एक आजोबा आणि फुटबॉलचे बूट घातलेली त्यांची नात बसली होती.

“एकही सामना हरलो नाही, नाना. पाचही बरोबरीत सुटले. तरी स्पर्धेबाहेर.”

“आणि बोदवडच्या पोरी दोनदा नाक कापून घेऊन पुढे?”

“दोन जिंकल्या ना, आणि एक आपल्याशी बरोबरीत! त्यांचे सात गुण, आपले पाच.”

“दोन विजयांचे चार होतात, भूमिका.”

“तुमच्या वेळी. आता एका विजयाला तीन मिळतात.”

“म्हणजे... मी तुम्हाला उगाच सांगत राहिलो, चढाई नको, बरोबरी राखा.”

“हो.”

“पोरींना सांग, नानाचं चुकलं.”

“नाही सांगणार. कर्णधार मी होते.”