ढोल्याच्या मेंदूतील डाग व परक्या मोटारीबाबत

स्वस्ति श्री! अखिलगृहकृत्यपराङ्मुख, मुद्रितशोधनधुरंधर, स्वल्पविरामसंरक्षक, ढोल्यानामकश्वानसेवक, सांप्रत कटिबंधविहीन असा मी, वय वर्षे त्रेपन्न, नाव व पत्ता वाहन परवान्यावरून उतरवून घेतल्याप्रमाणे, समक्ष हजर राहून कथन करतो की (बिरुदावली गाळण्याची ठाणे अंमलदारांची सूचना मी सविनय नाकारली),

आमच्या ढोल्या या कुत्र्यास गेल्या महिन्यापासून आकडी येत असे. पशुवैद्य बाईंनी मेंदूत गाठ असल्याचा संशय व्यक्त करून एमआरआय सांगितला. तेव्हापासून आमच्या सौभाग्यवतींनी त्यास भरवताना वाटीचा आवाजही होऊ दिलेला नाही.

आज सकाळी प्राण्यांच्या रुग्णालयात त्यास भूल देण्यात आली. त्याचा देह कर्मचाऱ्यांस न पेलल्याने चुंबकगृहात वाहून नेण्यास मीही हातभार लावला. आत धातू नेण्यास मनाई; सबब गाडीची किल्ली व बकलयुक्त पट्टा दाराबाहेरील तबकात ठेवला. तेथे पुढील क्रमांकाच्या मांजरवाल्या गृहस्थांचीही किल्ली विराजमान होती.

पहिल्या चित्रांत एक डाग दिसला. बाईंनी शिरेतून द्रव्य टोचून पुन्हा चित्रे घेतली. गाठ असल्यास ती बहुधा हे द्रव्य शोषून उजळते, असे त्यांनी समजावले. त्या अवधीत मी भिंतीवरील सूचनाफलकाचे मुद्रितशोधन केले. फलक चार ओळींचा होता. तो मी किती वेळा तपासला ते सांगता येत नाही.

बाई बाहेर येऊन म्हणाल्या, “काही उजळलं नाही. गाठ वाटत नाही ही. जुना डाग दिसतोय, कधीतरी तिथं रक्त कमी पडलं असेल. गोळ्या देऊ, तीन महिन्यांनी परत बघू.”

सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “म्हणजे आज घरी येतो ना हा?”

तदनंतर मी तबकातील हाताला लागेल ती किल्ली उचलली, असे आता दिसते. बटण दाबताच आवारातील एका पांढऱ्या गाडीने प्रतिसाद दिला. माझीही पांढरीच. अर्धवट शुद्धीतील ढोल्यास मागे निजवून आम्ही निघालो. वाटेत सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, आपला एसी कधी सुरू झाला?” मी उत्तरलो, “चांगले दिवस आले की सगळंच सुरू होतं.”

घरी पोचल्यावर गाडीत मांजराची रिकामी पेटी आढळली. तोवर गृहस्थांनी मोटारचोरीची तक्रार केली होती. मी गाडी घेऊन स्वतः हजर झालो.

त्यांच्या मांजरीची गाठ उजळली. परंतु कडा स्पष्ट असून ती काढता येईल, असे ते म्हणतात. त्यांनी तक्रार मागे घेतली व विचारले, “तुमचा कुत्रा उठला का?” उठला, पाणी प्यायला व गोळी देताना त्याने मला चावू पाहिले, हे सहर्ष नमूद करतो.

उपरोक्त मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. सही उजव्या हाताने केली, कारण डावा विजारीस आधार देत आहे. पेटी माझ्याकडे गेल्यामुळे गृहस्थांनी भुलीतील मांजरीस दुलईत गुंडाळून तबकातील माझ्या पट्ट्याने बांधून आणले आहे. ती त्यांच्या मांडीवर निजली आहे. पेटी मी परत केली. परंतु जागी होईपर्यंत तिला हलवू देणार नाही, असे गृहस्थांचे म्हणणे आहे.