याच्या घरी कोणी वाजवत नाही

नीलिमा: गोलू, तुझ्या आईच्या हातच्या मूगवड्या मी कित्येक वर्षं खाते आहे आणि आजवर त्यांना बोकडाचा वास कधी आला नव्हता. म्हणून विचारते, या वर्षी त्या कशावर वाळवल्या?

गोलू: घ्या! वड्या वाळवाले काय लागते मॅडम? खाट, खाटेवर जुनं लुगडं, अन् ऊन.

नीलिमा: मी खाटेविषयी बोलत नाही. आज सकाळी तुमच्या गच्चीवर मी स्वतः पाहिलं. लाकडाचं गोल कडं, त्यावर ताणून बसवलेलं कातडं आणि त्या कातड्यावर रांगेने मांडलेल्या वड्या. रुख्मिणीबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘थे तुमच्या संघपालाचं फॉरेनचं सूप हाये.’

गोलू: संघ्या, बोल बाप्पा. सामान तुहं, मी कायले मार खाऊ?

संघपाल: आत्या, मी सांगणारच होतो.

नीलिमा: केव्हा?

संघपाल: आयर्लंडहून आलो तेव्हापासून सांगणारच होतो.

नीलिमा: येऊन दोन वर्षं झाली. वाक्य जरा लांबलं.

संघपाल: बोरान म्हणतात त्याले. तिकडचा ढोल हाये. दवाखान्यात नर्स होतो, तवा सुट्टीच्या दिवशी लोकायसंगं बसून शिकलो. येताना घेऊन आलो. पण आपल्या घरात कसा ठेवू? आजोबाचा नियम.

नीलिमा: नियम तुला पाठ आहे, हे ऐकून समाधान वाटलं. आणि तो आपल्या घरी मोडू नये म्हणून तू शेजारच्या घरी नेऊन मोडलास.

संघपाल: आपला उंबरा तं नाही ओलांडला.

नीलिमा: तू नर्स उगाच झालास. वकील व्हायचं होतंस.

गोलू: मॅडम, तिकडचे लोक म्हंतात का हा ढोल पयले धान्य पाखडाचं सूपच होता. म्हंजे आईचं काही चुकलं नाई.

नीलिमा: तिथल्या विद्वानांना वाद घालूनही जे ठरवता आलं नाही, ते रुख्मिणीबाईंनी एका उन्हात सिद्ध केलं. माझं अभिनंदन कळव. पण एक सांग, ते कातडं आहे हे त्यांना ठाऊक आहे?

गोलू: हाये ना. मीच सांगतलं. म्हणे, ‘इमानातून आलं न? मंग काही होत नाई.’

नीलिमा: छान. इथल्या कातड्याला हात लावला म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या मांडवाबाहेर जेवली. तेच कातडं विमानात बसलं की त्यावर मूगवड्या. शुद्धीचा इतका सोपा विधी एकाही स्मृतिकाराला सुचला नाही. हा डबा घेऊन जा.

गोलू: परत कायले देता? उद्या तं आमी पुण्याले चाललो, वड्या कोण खाईन?

संघपाल: गोल्या!

गोलू: निंगालं बाप्पा तोंडातून.

नीलिमा: पुण्याला काय आहे?

गोलू: आता लपून काय राह्यते? तिथं केल्टिक महोत्सव हाये मॅडम. आयर्लंड, स्कॉटलंड, तिकडचं गाणं-बजावणं. आमाले बलावलं. मी त्यायची टिनाची शिट्टी वाजवतो, धनज गावची मंजुषा व्हायोलिन, अन् हा ढोल. मंजुषा कालच पोचली.

नीलिमा: तू भजनी मंडळात बासरी वाजवतोस, एवढंच मला ठाऊक होतं.

गोलू: सहा भोकं इकडंबी, सहा भोकं तिकडंबी. संघ्यानं शिकवलं. त्यायची जिग नावाची नाचाची चाल म्हंजे आपला दादराच समजा. फक्त मालेगावच्या स्टँडवरून एसटी सुटून राह्यली अन् आपण पाठीमागं पळून राह्यलो, असं धरून वाजवाचा.

नीलिमा: संघपाल, छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आल्यावर तुझ्या आजोबांनी, शेषरावांनी काय केलं, हे तुझ्या मित्राला कधी सांगितलंस?

संघपाल: डफडं फोडलं. सांगितलं आत्या.

नीलिमा: वेशीत, दिवसाढवळ्या, कुऱ्हाडीने फोडलं. त्याआधी आपल्या घरच्या पुरुषांनी गावातल्या प्रत्येक वरातीच्या पुढे चालायचं आणि प्रत्येक पंगत उठल्यावर मांडवाबाहेर बसायचं, अशी व्यवस्था होती. तिला परंपरा म्हणत. शेषरावांनी त्या दिवशी ठरवलं, की या उंबऱ्याच्या आत पुन्हा वाजवायचं कातडं येणार नाही.

गोलू: आमाले तं चांगलंच माहीत हाये मॅडम. पुढच्याच उन्हाळ्यात माह्या आजोबाचं, भागवतरावचं, लगन होतं. वाजवाले कोणीच आलं नाई. आजी सांगे, वरात इतकी चूप चालली का फाट्यावर एका पाहुण्यानं टोपी काढून हात जोडले. त्याले वाटलं मयत चालली.

नीलिमा: आणि भागवतराव?

गोलू: घोड्यावरून म्हणे, ‘अजून नाई बाप्पा, आज फक्त लगनच हाये.’

नीलिमा: तुझ्या आजोबांजवळ विनोदबुद्धी होती. जमिनीसारखी तिचीही वाटणी झालेली दिसते. तुझ्या वाट्याला बांधच आला.

गोलू: बोला, बोला. पण तिकडं याले किती मान हाये, हे पाहा तरी. कार्यक्रमाची पत्रिका आली मोबाइलवर. फोटोसकट.

नीलिमा: चष्मा दे. ‘टिन व्हिसल, भजनी परंपरेतील प्रयोगशील शेतकरी...’ हा तू. ‘व्हायोलिन, मंजुषा...’ बरं. ‘आणि विदर्भातील पिढीजात तालवादक घराण्याचे वारसदार, ताल ज्यांच्या रक्तातच आहे, असे संघपाल.’

संघपाल: काय?

नीलिमा: पुन्हा वाचण्याची माझी इच्छा नाही.

संघपाल: मी नाही लिहिलं हे. कोणी लिहिलं?

गोलू: लिहिलं महोत्सववाल्या बाईनं. तिनं फोनवर इचारलं, ढोलवाल्याची पार्श्वभूमी काय. मी म्हंतलं, त्याच्या घरी पयलेपासून वाजवत.

संघपाल: गोल्या, तुले सगळं माहीत होतं. आत्ताच वरातीची गोष्ट सांगितली तू.

गोलू: माहीत होतं म्हणून तं सांगतलं! मले वाटलं मान वाढीन. आमच्या पप्पाले कोणी ‘पिढीजात बागायतदार’ म्हंतलं का मारोतराव दोन दिवस छाती फुगवून फिरतात. मले वाटलं पिढीजात म्हंजे चांगलंच.

नीलिमा: तुझ्या घराला ते चांगलंच आहे. तुमच्या पिढ्यांनी जे धरून ठेवलं, ती शेती होती. आमच्या पिढ्यांना ज्याने धरून ठेवलं होतं, ते आम्ही फोडलं. त्या बाईंनी एका ओळीत ते पुन्हा सांधलं आणि रक्तात नेऊन ठेवलं. रक्त तपासण्याचं काम याचं आहे, हे त्यांना कोणी कळवलं नाही.

संघपाल: मी नाही येत पुण्याले.

गोलू: संघ्या, असं नको करू. ढोलाबिगर कसं होईन?

संघपाल: मुकं होईन. तुमच्याकडं सवय हाये.

गोलू: लागलं बाप्पा. पण बरोबर लागलं.

नीलिमा: संघपाल, बस. शेषरावांनी डफडं फोडलं ते स्वतः ठरवून. तू घरी बसणार, कारण पुण्यातल्या एका अनोळखी बाईने दोन ओळी लिहिल्या. या दोन गोष्टी सारख्या आहेत असं समजू नकोस.

संघपाल: मंग तुमी म्हणता, जाऊ?

नीलिमा: असं मी काहीही म्हटलेलं नाही. मी एवढंच विचारते, की तुला ते वाजवावंसं का वाटतं?

संघपाल: आता कसं सांगू? तिकडं आमच्या वॉर्डातला एक म्हातारा बरा होऊन घरी गेला. त्यानं बलावलं एका रविवारी. सगळे गोल करून बसलेले, प्रत्येकाजवळ काही न काही. त्यानं ढोल माह्या हाती दिला. मी म्हटलं, मले नाही येत. तो म्हणे, नको वाजवू मंग, चहा घे.

नीलिमा: एवढंच?

संघपाल: एवढंच. मी नाही वाजवला तं कोणाची वरात अडत नव्हती, आत्या. कोणाचंच काही अडत नव्हतं. म्हणून वाजवावा वाटला.

गोलू: मॅडम, मंग आता काय कराचं?

नीलिमा: विचार करायचा. तुला त्याची सवय नाही, हे मला ठाऊक आहे. गोलू, चूक तुझी आहे. माफी मागू नकोस, माफी स्वस्त असते. ज्या मंचावरून ती ओळ वाचली जाईल, त्याच मंचावरून ती तू खोडायची.

गोलू: मी? माइकवर? मॅडम, मी तुमच्या वर्गात उभं राहून स्वतःचं नाव चुकलो होतो.

नीलिमा: तेव्हा तुला विषय आवडत नव्हता. आणि संघपाल, जाताना तो ढोल ओल्या फडक्याने नीट पुसून घे. इतिहासाचं मी पाहते, मुगाचं तू पाहा.

(रविवारची दुपार. नीलिमा मेडशी गावात, घराच्या ओसरीवर. पुण्याहून आलेला व्हिडिओ कॉल.)

नीलिमा: गोलू, मला फक्त तुझी एक नाकपुडी दिसते आहे.

गोलू: थांबा मॅडम, लांब धरतो. दिसलो? इथं लय गर्दी हाये. अर्ध्या लोकायनं घागरे घातले, म्हंजे माणसायनं. मी काही बोललो नाई.

नीलिमा: शहाणा आहेस. त्या बाईंनी वाचलं का ते?

गोलू: वाचलं न! मी सकाळीच सांगतलं का हे वाचू नका. ती म्हणे, किती सुंदर ओळ हाये, राहू द्या. अन् माइकवर जसंच्या तसं वाचलं, ‘ताल ज्यांच्या रक्तातच आहे.’ लोक टाळ्या वाजवून राह्यले. इकडं संघ्यानं ढोल खाली ठेवला.

नीलिमा: आणि तू?

गोलू: मी माइक हिसकला. म्हंतलं, ‘बाईनं वाचलं थे खोटं हाये. मीच खोटं सांगतलं होतं. याच्या घरी कोणी वाजवत नाई. याच्या आजोबानं डफडं फोडलं, म्हणून माह्या आजोबाची वरात मुकी गेली, अन् बरोबरच गेली. हा नर्स हाये. ढोल स्वतःच्या मर्जीनं शिकला, घरातला हा पयला.’

नीलिमा: वाक्यरचना ठीक आहे. पुढे?

गोलू: मंग म्हंतलं, ‘पिढीजात इथं मी एकटाच हाये, अन् मले शेतीबी धड जमत नाई.’

नीलिमा: ही माहिती अनावश्यक होती, पण खरी होती. बाई काय म्हणाल्या?

गोलू: ती लाल झाली. मंजुषा हुशार, तिनं तेवढ्यात व्हायोलिन सुरूच केलं. मी शिट्टी घेतली. संघ्या बसूनच. एक फेरा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या फेऱ्याले त्यानं ढोल उचलला.

नीलिमा: त्याच्याकडे फोन दे.

गोलू: थांबा, तो गोलात बसला हाये. आता मंचाबिंचाचं नाई, झाडाखाली सगळे मिळून वाजवून राह्यले. ए संघ्या! मॅडम!

संघपाल: आत्या, ऐकू येते का? इथं लय आवाज हाये.

नीलिमा: येतो. तुझा चेहरा असा का झालाय? काय झालं?

संघपाल: मी वाजवत होतो अन् सगळे हसले.

नीलिमा: कोण हसलं? नावं सांग. त्या आयोजकबाई आहेत का तिथे? त्यांना फोन दे.

संघपाल: नाही आत्या, ऐका तं. बाजूले आयर्लंडातल्या कॉर्क शहराचा एक म्हातारा बसला हाये. त्यानं मले थांबवलं. म्हणे, पोरा, आमी जिग वाजवून राह्यलो अन् तू दार ठोकून राह्यला. मंग सगळे हसले. मंजुषाबी हसली.

नीलिमा: कशासाठी हसले?

संघपाल: वाईट वाजवलं म्हणून. नुसतं वाईट वाजवलं म्हणून, आत्या.

नीलिमा: किती वाईट?

संघपाल: लय वाईट.

नीलिमा: बरं. मग फोन बंद करू नकोस. झाडाला टेकवून ठेव, आणि वाजव.