फाइल पोचली का?

...आन् परत तुटली. तुमाले सांगते, नव्वद टक्के गेली होती माही फाइल, धामणगावातून निघून अकोल्याच्या छापखान्याच्या कंप्युटरात आता शिरते का मंग शिरते, तं बाहेरच्या खोलीत आमच्या बाबानं फोन उचलला. काहून? तं छापखान्याले इचाराले, "फाइल पोचली का?"

आता पाहा, घरात फोनची तार एकच. त्याच तारेतून फाइल जाते, आन् मधात कोणी रिसीव्हर उचलला का सारं तुटते, मंग पुन्हा पयल्यापासून. फ्लॉपीत घालून न्यावं तं चित्र एवढं मोठं का त्यात मावतच नाई. हे सारं बाबाले समजावून समजावून माहं तोंड दुखलं. खुशालराव म्हणजे आमचे बाबा, सारी जिंदगी वांग्याच्या वाडीत गेली, मान हालवते, समजलं म्हणते... पण आमच्या घरची रीतच तशी. मावशी अमरावतीले गेली, का फोन, "पोचली का?" वांग्याचे कॅरेट बाळापूरच्या बजारात गेले, का फोन, "पोचले का?" मंग लेकीची फाइल एकटी अकोल्याले चालली तं या माणसाचा जीव थाऱ्यावर राहीन?

"बाबा, ते फाइल हाये, पाहुणी नाई."

"म्हणूनच तं. तिले तोंड नाई, तं आपणच इचारलं पायजे."

घ्या!

आन् काम का साधं होतं? वांग्याच्या बियाच्या पाकिटावरचं चित्र, माहं पयलं काम. छापखान्याच्या सीमाबाईनं बजावलं होतं, "दीपमाला, आज संध्याकाळपरेंत फाइल आली तं काम तुहं, नाई तं नागपूरवाल्याले देते."

मंग म्या डोकं लावलं. म्हटलं, बाबा, तुमीच जा अकोल्याले, छापखान्यात बसा, फाइल पोचते का नाई ते सवता डोयानं पाहा. बाबा खूश. रिकाम्या हातानं कसं जावं म्हणून वाडीतले वांगे पिशवीत भरले आन् बसले गाडीत. घर कसं शांत. दुपार ढळल्यावर म्या बटन दाबलं. तीस टक्के... पन्नास... सत्तर...

तुटली.

आन् फोन वाजला. "दीपे, सत्तर टक्के म्हणजे मूर्तिजापूरपरेंत आली वं, आता अकोलं जवळच. म्हटलं तुले सांगावं."

"बाबा, तुमी तिथला फोन उचलला? तिथंही तार एकच हाये!"

"मंग? तू तिकडे काळजी करत असशीन."

गेलं काम, गेलं नागपूरवाल्याच्या घशात. तेवढ्यात सीमाबाईनं फोन घेतला. म्हणे, "जेवढं आलं तेवढं चित्र उघडलं, वांग्याचं बूड काही आलं नाई. पण तुह्या बाबानं पिशवीतलं वांगं काढून पडद्याजवळ धरलं, रंग तसाच्या तसा हाये. बूड उद्या धाड. काम तुहंच, आन् भेंडीचं पाकीटही तूच कर."

मले रडूच आलं, खोटं काहून सांगू? आता दर हप्त्याले फाइल धाडायची, म्हणून दुसऱ्या फोनचा अर्ज टेलिफोन हापिसात धाडून देला. एक तार फाइलले, एक बाबाले. निवांत भेंडी धाडाले बसली, ऐंशी टक्के गेली होती... तुटली. पाह्यते तं बाबा रिसीव्हर कानाले लावून बसलेले.

"हॅलो, टेलिफोन हापिस? साहेब, आमचा अर्ज पोचला का?"